मुलगी ठणठणीत, पण घशाचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’

पत्र: माझी मुलगी ८ वर्षांची आहे, वजन २४ किलो. शाळेतल्या तपासणीत सगळ्या वर्गाचे घशाचे स्वॅब घेतले. तिला ना ताप होता, ना घसा दुखत होता, पण रिपोर्टमध्ये ‘बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकस’ आला. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनचं १२५ चं सिरप दिवसातून तीनदा एकेक चमचा, असं ५ दिवस दिलं. पुन्हा स्वॅब केला तर पुन्हा पॉझिटिव्ह. मग रक्तातली एएसओ तपासली, ती ४०० आली; कागदावर मर्यादा २०० छापली आहे. आता एक जण सांगतात, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू करा, नाहीतर हृदयाच्या झडपा खराब होतील. दुसरे म्हणतात, टॉन्सिल काढून टाका. आम्ही उष्ण प्रदेशात राहतो आणि रुमॅटिक फीवरने हृदय बिघडलेली मुलं इथे असतात हे ऐकून आहोत, त्यामुळे जीव टांगणीला लागला आहे. घरातल्या सगळ्यांचे स्वॅब करावेत का? धाकटा ४ वर्षांचा आहे. त्याच्या पायांवर अधूनमधून फोड येतात, बाकी तो बरा आहे.

उत्तर:

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत जे उरकलं आहे, ते आम्ही आधी घेतो. धाकट्याच्या पायांवरचे फोड. तुमच्या मुलीच्या घशातल्या जंतूपेक्षा आम्हाला या फोडांची काळजी जास्त वाटते, आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचंच असेल तर त्याला न्या.

थंड प्रदेशात ए गटाचा स्ट्रेप्टोकॉकस, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा जंतू, मुख्यतः घशाचा मानला जातो. उष्ण आणि दमट प्रदेशात तो कातडीवरही तितकाच, कधी कधी जास्त, आढळतो. डास चावलेली, खाजवून सोललेली, खरचटलेली जागा त्याला पुरते. आधी छोटा फोड येतो, तो फुटून पाणी सुटतं आणि वर मधाच्या रंगाची पिवळसर खपली धरते. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये रुमॅटिक फीवरचं, म्हणजे या जंतूच्या लागणीनंतर सांधे आणि हृदय धरणाऱ्या आजाराचं, प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. तिथे मुलांचे घसे तपासले तर ए गटाचा हा जंतू फारसा सापडत नाही. कातडीवरचे फोड मात्र घरोघरी. कातडीतल्या संसर्गाचा रुमॅटिक फीवरशी संबंध असावा, असा संशय तिथल्या संशोधकांनी म्हणूनच मांडला. मूत्रपिंडाशी असलेल्या संबंधाबद्दल तर शंकाच नाही. अशा फोडांनंतर साधारण ३ ते ६ आठवड्यांनी काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी आणि काळ्या चहासारखी गडद, रक्तदाब वाढलेला, ही त्याची खूण. फोड येऊन गेल्यावर पुढचे ६ आठवडे त्याच्या लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा.

रोज साबणाने आंघोळ घाला. खपल्या ओरबाडून काढू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं १० मिनिटं धरून ठेवलं की त्या सुटतात. एखाद-दुसराच फोड असेल तर डॉक्टर म्युपिरोसिन मलम ५ दिवस लावायला सांगतील. फोड बरेच असतील तर मलमावर भागत नाही, पोटातून औषध किंवा इंजेक्शन लागतं: कोट्रायमॉक्साझोलचा ३ ते ५ दिवसांचा छोटा कोर्स किंवा बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन. पण फोड ‘अधूनमधून’ येतात असं तुम्ही लिहिलंय, त्या शब्दामुळे खरजेची शंका येते. त्याच्या बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवतीची जागा आणि कुल्ले उजेडात नीट पाहा. बारीक पुटकुळ्या असतील, रात्री खाज वाढत असेल, घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर खरूज बरी केल्याशिवाय फोड थांबणार नाहीत. पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांच्या खालीसुद्धा, रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुवायचं आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज नसलेल्यांनीही. एक माणूस राहिला की महिन्याभरात ती घरभर परत येते. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता मुलीबद्दल. तिचा रिपोर्ट हातात घ्या आणि ‘बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकॉकस’च्या पुढे ‘ग्रुप ए’ लिहिलंय का ते पाहा. तुम्ही पत्रात उतरवलेलं नाव तेवढंच असेल, तर हा रिपोर्ट अर्धवट आहे. प्रयोगशाळेत स्वॅब रक्त मिसळलेल्या प्लेटवर फिरवतात. जंतू वाढला की त्याच्या ठिपक्यांभोवतीचं रक्त विरघळून पारदर्शक कडं दिसतं. ते कडं म्हणजे ‘बीटा हिमोलिटिक’. पण असं कडं सी आणि जी गटांचे जंतूही काढतात, आणि उष्ण प्रदेशातल्या मुलांच्या घशात हे दोन गट भरपूर असतात. काही ठिकाणी तर ए गटापेक्षाही जास्त. त्यांनी घसा दुखू शकतो, पण रुमॅटिक फीवरशी नातं पक्कं सिद्ध झालेलं आहे ते ए गटाचं. गट ओळखण्यासाठी बऱ्याच ठिकाणी ०.०४ युनिटची बॅसिट्रॅसिनची चकती वापरतात: तिच्याभोवती जंतू वाढला नाही की ‘ए’ असं धरतात. यात चूक होते, कारण सी आणि जी गटातले काही जंतूही त्या चकतीला दबतात. लॅटेक्स चाचणीने किंवा पीवायआर चाचणीने गट पक्का करता येतो. प्रयोगशाळेत फोन करून विचारा: गट कोणत्या पद्धतीने ठरवला, आणि प्लेट मेंढीच्या रक्ताची होती की रक्तपेढीतल्या शिल्लक माणसाच्या रक्ताची. माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं (जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली द्रव्यं) आणि कधी औषधांचे अंशही असतात, त्यामुळे जंतू नीट वाढत नाही आणि कडंही फसवं दिसतं.

समजा, गट ए-च निघाला. तरीही घाबरण्यासारखं काही नाही. जगभरातल्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा, कोणतंही लक्षण नसलेल्या मुलांपैकी साधारण १२ टक्क्यांच्या घशात हा जंतू मिळाला. भागाप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो. अशा मुलांना आम्ही ‘वाहक’ म्हणतो. जंतू घशात राहतो, पण शरीर त्याच्याविरुद्ध उसळत नाही, प्रतिपिंडं वाढत नाहीत. रुमॅटिक फीवर हा शरीराच्या त्या उसळण्याचाच परिणाम असतो, म्हणून नुसत्या वाहक मुलाला त्याचा धोका फार कमी. जंतूची संख्याही कमी असते, त्यामुळे त्याच्यापासून इतरांना लागणही क्वचितच होते. ही अवस्था कित्येक महिने टिकू शकते आणि आपोआप संपते. तिला शाळेत पाठवा, भावंडांत खेळू द्या, आजीजवळ झोपू द्या. घरातल्या कोणाचेही स्वॅब करू नका. लक्षणं नसलेल्या माणसाचा स्वॅब करून हातात येतो तो फक्त आणखी एक घोर. टूथब्रश फेकणं, घरातल्या कुत्र्या-मांजराला दोष देणं यातही काही अर्थ नाही.

औषध देऊनही स्वॅब पॉझिटिव्ह आला म्हणजे जंतू औषधाला पुरून उरला, असं तुम्हाला वाटलं असणार. तसं नाही. पेनिसिलिनला न जुमानणारा ए गटाचा जंतू आजवर रुग्णांमध्ये आढळलेला नाही. ८० वर्षं वापरूनही हे औषध त्याच्यावर चालतं. पण पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन जोरात वाढणाऱ्या जंतूला मारतात. वाहकाच्या घशातला जंतू संथपणे राहतो, काही वेळा टॉन्सिलच्या पेशींच्या आतही दडतो, आणि तिथे ही औषधं पुरेशी पोहोचत नाहीत. शिवाय तुमच्या मुलीला मिळालेला डोसही फार कमी होता. १२५ मिलिग्रॅम तीनदा, म्हणजे दिवसाला ३७५ मिलिग्रॅम. घशाच्या खऱ्या संसर्गात किलोमागे ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दिवसाला १,००० मिलिग्रॅम, असं १० दिवस देतात. तिच्या २४ किलोला पूर्ण १,००० लागले असते. ५ दिवसांचा अर्धामुर्धा डोस कशालाच पुरत नाही. तो आता भरून काढायचा का, तर नाही. तिला मुळात गरजच नव्हती. आणि घसा बरा झाला की नाही हे पाहायला कोर्सनंतर स्वॅब करायचाच नसतो. तो दुसरा स्वॅब झालाच नसता तर पुढचं सगळं टळलं असतं.

एएसओबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या एका आकड्यावरून कित्येक मुलांच्या मागे वर्षानुवर्षांची इंजेक्शनं लागतात. एएसओ म्हणजे या जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं. ती ओल्या मातीत उमटलेल्या पावलांसारखी असतात: कोणीतरी येऊन गेलं एवढं कळतं, तो आत्ता घरात आहे का आणि त्याने काही नेलं का, हे कळत नाही. लागण झाल्यावर आठवड्याभराने ती चढायला लागते, ३ ते ६ आठवड्यांत शिखर गाठते आणि मग काही महिने हळूहळू उतरते. उष्ण प्रदेशातल्या शाळकरी मुलांना या जंतूची लागण वारंवार होते; त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला बहुधा चालत नाही. त्यामुळे तिथल्या अगदी निरोगी मुलांची एएसओही २०० च्या वर असणं नेहमीचं आहे. कागदावर छापलेली ती मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांसाठी किंवा दुसऱ्याच प्रदेशासाठी ठरवलेली असते. ४०० या एकट्या आकड्यावरून तुमच्या मुलीबद्दल काहीच ठरत नाही. रुमॅटिक फीवरची लक्षणं असतील तेव्हाच ही चाचणी उपयोगी पडते, आणि तेव्हाही २ ते ३ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून आकडा चढतोय का ते पाहणं जास्त बोलकं. नुसतं पाय दुखतात म्हणून केलेली एएसओ तर हमखास गोंधळ घालते: वाढत्या वयातल्या मुलांचे पाय संध्याकाळी दुखतातच, आणि त्यांच्या रक्तात एएसओही सापडतेच. ती पुन्हा करू नका. इंजेक्शनांनी ती ‘उतरवायची’ नसते.

दर २१ दिवसांचं बेंझाथिन पेनिसिलिन हे फार मोलाचं औषध आहे. ज्या मुलाला रुमॅटिक फीवर येऊन गेला आहे, त्याला तो पुन्हा येऊ नये आणि झडपा आणखी बिघडू नयेत म्हणून ते देतात. हृदयाला धक्का लागला नसेल तरीही किमान ५ वर्षं किंवा वयाच्या २१ पर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर. झडपांत दोष राहिला असेल तर १० वर्षं किंवा ४० व्या वर्षापर्यंत, कधी त्याहूनही पुढे. अशा मुलांच्या आईवडिलांनी हे उत्तर वाचून एकही इंजेक्शन चुकवू नये, ही कळकळीची विनंती. पण तुमच्या मुलीला तो आजार झाल्याची एकही खूण पत्रात नाही. तरी एकदा नीट आठवून पाहा. गुडघा, घोटा, कोपर यांसारखा मोठा सांधा सुजून इतका दुखला की हात लावू देईना, आणि दोन दिवसांनी तो सोडून दुसराच धरला, असं कधी झालं? हातापायांना विनाकारण झटके येणं, अक्षर एकदम बिघडणं, हातातून वस्तू पडणं? जिना चढताना दम लागणं? घरात सख्ख्या कोणाला झडपांचा आजार? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून छाती तपासून घ्या आणि हृदयाची इको सोनोग्राफी करा. सगळ्याला ‘नाही’ असेल, तर नेहमीच्या भेटीत एकदा स्टेथोस्कोपने हृदय ऐकून घेतलं की पुरे. इंजेक्शनं नकोत.

टॉन्सिलही काढू नका. शाळकरी वयात ती मोठी दिसतातच. मोठी म्हणजे आजारी नव्हेत. घसादुखीसाठी शस्त्रक्रियेचा विचार करायचा तो एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग २ वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग ३ वर्षं दरवर्षी ३ वेळा, डॉक्टरांनी पाहून नोंदवलेला खरा टॉन्सिलचा आजार झाला असेल तर. झोपेत श्वास अडकत असेल तर ते वेगळं कारण. तिचा तर एकदाही घसा दुखलेला नाही.

वाहक मुलाच्या घशातून जंतू मुद्दाम हटवायची वेळ क्वचित येते: घरात कोणाला रुमॅटिक फीवर होऊन गेला असेल, वसतिगृहासारख्या बंद जागेत घसादुखीची साथ सुरू असेल, परिसरात रुमॅटिक फीवरची किंवा मूत्रपिंडाच्या सुजेची साथ असेल, किंवा निव्वळ या जंतूसाठी कोणी टॉन्सिल काढायला निघालं असेल. तेव्हा साधं अमॉक्सिसिलिन पुरत नाही. क्लिंडामायसिन १० दिवस देतात, किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट १० दिवस, किंवा पेनिसिलिनचा कोर्स आणि त्याच्या शेवटच्या ४ दिवसांत रिफाम्पिसिन. क्लिंडामायसिनने जुलाब लागू शकतात. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचं मुख्य औषध, ते उगाच वापरून त्याची धार घालवू नये. वर सांगितलेल्या चार कारणांपैकी काही तुमच्या घरी लागू होत असेल तर डॉक्टरांना सांगा. नसेल तर हा विषय इथेच सोडा.

खरी सावधगिरी पुढे ठेवायची आहे. तुमची मुलगी वाहक आहे म्हणजे तिला कधी खरा घशाचा संसर्ग होणारच नाही, असं नाही. दुसऱ्या प्रकारचा जंतू आला तर होईल. आणि साधी सर्दी झाली तेव्हा स्वॅब केला तर तोही पॉझिटिव्ह येईल, कारण जुना जंतू आत आहेच. झटपट होणारी अँटिजेन चाचणीही इथे तशीच फसते. म्हणून पुढच्या वेळी आधी मुलीकडे पाहा. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तोंडात छाले आहेत, तर तो बहुधा विषाणूचा आजार. स्वॅब नको, अँटिबायोटिक नको. याउलट घसा एकाएकी दुखायला लागला, ताप ३८ अंशांच्या वर, गिळताना कळ येते, जबड्याखालच्या गाठी सुजून हात लावला की दुखतात, टॉन्सिल लाल आणि त्यांवर पांढरे ठिपके, आणि खोकला मात्र नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि ती वाहक असल्याचं सांगा. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी स्वॅब घेणं चांगलं. तो दोन्ही टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत यांवर घासून घ्यायचा; जिभेला किंवा गालाला लागला तर तोंडातले इतरच जंतू वाढतात. उष्ण हवेत तो टेबलावर तासन्‌तास पडून राहिला तरी निकाल बिघडतो, म्हणून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. रिपोर्टला एक-दोन दिवस लागले तरी चालतं: लक्षणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी रुमॅटिक फीवर टळतो. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर अशी स्पष्ट लक्षणं पाहून डॉक्टर लगेच उपचार करतील, आणि रुमॅटिक फीवर असलेल्या भागात ते योग्यच आहे.

तेव्हा मात्र औषध पूर्ण १० दिवस. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो आणि मूल खेळायला लागतं. औषध तिथेच सुटतं. याला सिरपची बाटलीही कारणीभूत असते. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप तिला रोज २० मिली लागेल, म्हणजे ६० मिलीची बाटली तीन दिवसांत रिकामी, आणि बाटली संपली की कोर्स संपला असं घरात सगळेच धरून चालतात. त्यापेक्षा गोळ्या मागा: ५०० मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ एक, मोजून २० गोळ्या. गिळत नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या मिळतात. १० दिवस पाळणं जमणार नसेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन तेच काम करतं: २७ किलोखाली ६ लाख युनिट, त्यावर १२ लाख. दुखतं, पण चुकत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी पूर्वी कधी झाली असेल तर आधी सांगायचं. अझिथ्रोमायसिन ॲलर्जी असलेल्यांसाठी राखून ठेवलेलं बरं, कारण त्याला दाद न देणारे जंतू बऱ्याच ठिकाणी वाढले आहेत. कातडीच्या फोडांवर चालणारं कोट्रायमॉक्साझोल घशाला चालत नाही, धाकट्याची उरलेली बाटली तिला देऊ नका. तापासाठी पॅरासिटामॉल द्या, ॲस्पिरिन नको. औषध सुरू झाल्यावर १२ ते २४ तासांनी ताप नसेल तर शाळेत पाठवायला हरकत नाही.

घसादुखीनंतर २ ते ४ आठवड्यांत सांधा सुजला, दम लागू लागला किंवा हातपाय आपोआप हलू लागले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, घसा तोवर बरा झालेला असला तरी. आणि घसा दुखत असतानाच तोंड उघडता येईना, थुंकी गिळवेना म्हणून लाळ गळू लागली, मान एका बाजूला धरली, आवाज घोगरा होऊन श्वासाला त्रास व्हायला लागला, तर थेट रुग्णालय गाठा. स्वॅबच्या रिपोर्टसाठी थांबू नका.